बंद पडतो, पण केव्हा?

दहा-बारा वर्षं इमानेइतबारे चाललेला डेस्कटॉप एके दिवशी सुरू होता होताच बंद पडतो. पुन्हा बटण दाबलं की पंखा फिरतो, पडद्यावर कंपनीचं बोधचिन्ह उमटतं आणि पुन्हा अंधार. मग सल्ले सुरू होतात. रॅम काढून खोडरबरने घासा. फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाका. आता किती दिवस वापरणार, भंगारात द्या. यातला प्रत्येक सल्ला कुठे ना कुठे बरोबर ठरलेला असतो, आणि म्हणूनच तो डोळे झाकून पाळणं महागात पडतं. ज्याच्या हाताखालून शेकडो मशीन गेली आहेत असा मेकॅनिक स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी एकच गोष्ट विचारतो: बटण दाबल्यापासून किती वेळाने बंद पडतो?

हा प्रश्न बिनखर्चाचा आहे आणि त्याच्या उत्तरात निम्मं निदान असतं. संगणक एका झटक्यात सुरू होत नाही. आधी वीज स्थिर होते, मग प्रोसेसर जागा होतो, मग मदरबोर्डवरचा बायोस रॅमपासून कीबोर्डपर्यंत सगळ्यांची हजेरी घेतो, मग डिस्क शोधली जाते आणि शेवटी विंडोज आत येते. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी असते. पडद्यावर बोधचिन्ह आलं, याचा अर्थ वीज, प्रोसेसर, ग्राफिक्स आणि निदान थोडी तरी रॅम इथवर कामाला आली. पुढे जे बिघडलं त्याचा संशय त्यांच्यावर कमी. उलट पडदा काळाच राहिला तर हार्डडिस्क फॉरमॅट करण्याची भाषा म्हणजे नुसती वेळेची नासाडी, कारण हार्डडिस्कवरचं एक अक्षरही अजून वाचलं गेलेलं नसतं.

पहिल्या सेकंदापासून सुरुवात करू. बंद दिसणारा डेस्कटॉप खरं तर पूर्ण बंद नसतो. भिंतीवरचं बटण चालू असेल, तर एसएमपीएसकडून, म्हणजे वीज पुरवणाऱ्या पत्र्याच्या डब्याकडून, मदरबोर्डला ५ व्होल्टचा एक बारीक पुरवठा अखंड मिळत असतो. पुढचं बटण दाबलं की मदरबोर्ड हिरव्या तारेवरचं व्होल्टेज खाली ओढतो आणि एसएमपीएस जागा होतो. तो १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे पुरवठे सुरू करतो. ते स्थिर झाले की करड्या तारेवरून ‘वीज ठीक आहे’ असा संकेत देतो. यात सहसा अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ जात नाही, पण हा संकेत येईपर्यंत मदरबोर्ड प्रोसेसरला हलू देत नाही. इंटेलने १९९५ साली मांडलेल्या एटीएक्स या मानकातली ही व्यवस्था बहुतेक डेस्कटॉपमध्ये अजूनही तशीच आहे.

पंखा जेमतेम थरथरून थांबला, तर बिघाड याच अर्ध्या सेकंदातला. एक तर एसएमपीएस स्वतः थकलेला आहे, नाहीतर कुठेतरी शॉर्ट झाल्यामुळे तो स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो आहे. मदरबोर्डखाली घरंगळलेला एखादा स्क्रू एवढं करायला पुरेसा असतो. कधी आत शिरलेली पाल निघते. कोकणात आणि गोव्यात समुद्राजवळच्या घरांमध्ये खारट दमट हवेने कनेक्टर गंजलेले सापडतात. मल्टिमीटर असेल तर तपासणी सोपी आहे. १२ व्होल्टच्या पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ आणि ५ व्होल्टच्या लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ एवढाच चढउतार मानकाला मान्य आहे. त्याबाहेरचा आकडा दिसला की एसएमपीएस बदलायचा.

बदलायचा, उघडायचा नाही. आपल्याकडचा २३० व्होल्टचा प्रवाह एसएमपीएसच्या आत सरळ केला जातो तेव्हा तो ३२५ व्होल्टच्या आसपास जातो, आणि वायर काढून ठेवली तरी तो काही काळ आतल्या कपॅसिटरमध्ये टिकून राहू शकतो. हौशी दुरुस्तीची सीमा या पत्र्याच्या डब्यापाशी संपते. जुन्या एसएमपीएसच्या पाठीवर ११५ आणि २३० असं लिहिलेलं एक छोटं लाल बटण असतं, तेही साफसफाई करताना चुकून सरकवू नये. आपल्याकडे ते ११५ वर नेऊन वीज दिली की एसएमपीएस मोठा आवाज करून उडतो.

काही आकडे मात्र इतके नेमके असतात की ते कळल्यावर हसू येतं. डेस्कटॉप दर वेळी बटण दाबल्यावर चार-पाच सेकंदांत मुकाट्याने बंद होतो. एसएमपीएस बदला, रॅम बदला, फरक शून्य. अशा वेळी संशय घ्यावा तो पुढच्या प्लास्टिकच्या बटणावर. हँग झालेला संगणक बंद करायला आपण बटण चार सेकंद दाबून धरतो. ती सोय मदरबोर्डमध्येच केलेली असते. धूळ आणि वयामुळे बटण आत अडकून बसलं, तर मदरबोर्डला वाटतं कोणीतरी ते दाबून धरलं आहे, आणि तो आज्ञाधारकपणे बंद होतो. मदरबोर्डवरून त्या बटणाची दोन पिनांची तार काढायची, दोन्ही पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवायचं आणि मशीन चालू राहतं का ते पाहायचं. चालू राहिलं तर दोषी सापडला. नवं बटण मिळत नसेल तर रीसेटच्या बटणाची तार तिथे जोडून टाकतात. पुढे त्याच बटणाने मशीन सुरू करायचं. असा जुगाड वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतो.

दुसरा असाच आकडा पंधराचा. काही कंपन्यांच्या मदरबोर्डवर यूएसबीतून प्रमाणाबाहेर वीज ओढली जात असल्याचा संदेश पडद्यावर येतो आणि पंधरा सेकंदांनी संगणक बंद होतो. कारण बहुतेकदा पुढच्या बाजूच्या यूएसबी पोर्टमधल्या वाकलेल्या पिना. पेनड्राइव्ह उलटा खुपसण्याचा प्रयत्न घरात कोणी ना कोणी केलेलाच असतो.

आता जुन्या डेस्कटॉपचं सगळ्यात वैशिष्ट्यपूर्ण दुखणं. सकाळी पहिल्यांदा सुरू होत नाही, दुसऱ्यांदा बोधचिन्हापर्यंत येतो, तिसऱ्यांदा सुरू होतो आणि मग दिवसभर छान चालतो. घरातले लोक याला ‘गरम व्हावा लागतो’ असं म्हणतात, आणि ते शब्दशः खरं असतं. प्रोसेसरच्या आजूबाजूला आणि एसएमपीएसमध्ये पत्र्याच्या छोट्या डब्यांसारखे कपॅसिटर उभे असतात. नळाला पाणी कमीजास्त येत असलं तरी गच्चीवरच्या टाकीमुळे घरात धार सारखी राहते, तसं हे कपॅसिटर विजेचे चढउतार स्वतःत मुरवून प्रोसेसरला सपाट पुरवठा देतात. त्यांच्या आत एक द्रव असतो. वर्षं जातात तसा तो सुकतो, कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो, आणि थंड असताना तो आणखी वाढतो. त्यात सुरू होण्याचा क्षण सर्वाधिक भुकेचा. साडेतीन इंची हार्डडिस्क एकदा फिरू लागली की सहा-आठ वॉटवर भागवते, पण थांबलेल्या तबकड्यांना गती द्यायला तिला १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअर, म्हणजे २४ वॉट लागतात. थंड, सुकलेले कपॅसिटर नेमके त्याच वेळी कमी पडतात. दोन-तीन प्रयत्नांत ते थोडे तापतात आणि काम निभावून नेतात. काही मेकॅनिक संशयित कपॅसिटरला हेअर ड्रायरची गरम हवा देऊन बघतात. तेवढ्याने मशीन सुरू झालं तर निदान पक्कं.

फुगलेला कपॅसिटर डोळ्यांनाही दिसतो. त्याच्या माथ्यावर फुलीसारखी किंवा इंग्रजी के अक्षरासारखी खाच मुद्दाम कोरलेली असते, म्हणजे आत वायू साचला तर डबी तिथून फाटावी, स्फोट होऊ नये. चांगल्या कपॅसिटरचा माथा सपाट असतो. तो घुमटासारखा वर आला किंवा खाचेतून तपकिरी चिकटा निघाला की तो गेला. कमी टिकण्यामागे उष्णतेचा हात मोठा असतो. १०५ अंशांना २००० तास टिकेल अशी हमी असलेला कपॅसिटर प्रत्येक १० अंश कमी तापमानाला ढोबळमानाने दुप्पट जगतो. ६५ अंशांना ठेवला तर तेच आयुष्य ३२,००० तासांवर जातं. संगणकाच्या डब्यातली धूळ झटकण्याचा खरा फायदा इथे आहे.

पण एक काळ असा होता की कितीही जपलं तरी हे कपॅसिटर फुगत. २००० नंतरच्या काही वर्षांत बाजारात आलेल्या असंख्य मदरबोर्डमध्ये सदोष द्रव भरलेले कपॅसिटर होते. पाण्याचं प्रमाण जास्त असलेला द्रव स्वस्त आणि कार्यक्षम असतो, पण पाणी आणि ॲल्युमिनियम यांची प्रक्रिया रोखणारी योग्य रसायनं त्यात नसतील तर आत हायड्रोजन साचत जातो. एका जपानी कंपनीचं सूत्र चोरून तैवानला नेताना ते अर्धवट उतरवलं गेलं, अशी कथा त्या काळच्या तांत्रिक नियतकालिकांनी छापली होती. कथा काहीही असो, फटका खरा होता. डेलच्या ऑप्टिप्लेक्स मालिकेतले संगणक त्यात सापडले. २०१० साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने न्यायालयीन कागदपत्रांच्या आधारे दिलेल्या बातमीनुसार, मे २००३ ते जुलै २००५ या काळात डेलने असा धोका असलेले निदान १ कोटी १८ लाख संगणक ग्राहकांना पाठवले होते. टेक्सास विद्यापीठाच्या गणित विभागातली मशीन बंद पडू लागली, तेव्हा त्यांच्यावर अवघड गणितांचा भार टाकल्याने असं झालं, हे कारण विभागाला ऐकवण्यात आलं. याच कपॅसिटरवरून झालेल्या खटल्यात डेलची बाजू मांडणाऱ्या वकिलांच्या फर्ममधले हजार संगणकही या संशयितांत निघाले, आणि ते दुरुस्त करून द्यायला डेलने आढेवेढे घेतले. त्या पिढीचा एखादा डेस्कटॉप अजून कुठल्या कार्यालयाच्या कोपऱ्यात असेल आणि सुरू होताना गचके देत असेल, तर विंडोजला दोष देण्याआधी एकदा झाकण काढून कपॅसिटरचे माथे पाहावेत. खराब कपॅसिटर काढून नवे सोल्डर करून देणारे कारागीर मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या आसपास अजूनही सापडतात.

उष्णतेचा दुसरा बिघाड ओळखायला सोपा. मशीन सुरू होतं, बोधचिन्ह येतं, विंडोज उघडू लागते आणि अर्ध्या-एक मिनिटाने फटकन बंद. लगेच पुन्हा सुरू केलं तर आणखी लवकर बंद पडतं, आणि तासाभराने केलं तर जास्त वेळ टिकतं. आधीच्या दुखण्याच्या हे नेमकं उलट. इथे प्रोसेसर तापतो आहे. त्याच्यावरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकून भुकटी झालेली असते किंवा पंख्याच्या चार प्लास्टिकच्या खुंट्यांपैकी एखादी निसटलेली असते. बंद पडणं ही इथे प्रोसेसरने स्वतःसाठी केलेली सोय आहे, आणि ती पूर्वी सगळ्यांकडे नव्हती. २००१ साली ‘टॉम्स हार्डवेअर’ या संकेतस्थळाने चालू संगणकांच्या प्रोसेसरवरून हीटसिंक, म्हणजे उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा, काढून घेण्याचा प्रयोग केला, तेव्हा इंटेलचा पेंटियम ४ संथ होऊन चालत राहिला आणि एएमडीचा १.४ गिगाहर्ट्‌झचा ॲथलॉन काही क्षणांत धूर सोडून जळाला.

वीज आणि उष्णता यांतून सुटका झाली की बायोसची पाळी. पडदा काळा असताना बायोसला बोलायचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे बीप. एक आखूड बीप म्हणजे सगळं ठीक, हा बहुतेक जुन्या मशीनमधला संकेत. अवॉर्ड या कंपनीच्या बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड आवाज ग्राफिक्सकडे बोट दाखवतात. लांब बीप थांबता थांबत नसतील तर बहुधा रॅमकडे. कंपनीगणिक ही भाषा बदलते, त्यामुळे मदरबोर्डची पुस्तिका बघणं श्रेयस्कर. गंमत अशी की नंतरच्या अनेक स्वस्त डब्यांमध्ये बीप वाजवणारा छोटा स्पीकरच दिलेला नसतो. मशीन बिचारं ओरडत असतं आणि ऐकू काहीच येत नाही. तो स्पीकर किरकोळ पैशांत मिळतो आणि चार पिनांवर बसतो.

खोडरबरचा सल्ला इथे येतो. रॅमच्या पट्टीच्या कडेला सोनेरी पट्टे असतात आणि ते स्लॉटमध्ये नीट टेकले नाहीत की मशीन मुकं होतं. दमट हवेत त्या पट्ट्यांवर आणि स्लॉटच्या पिनांवर मळाचा थर बसतो. खोडरबरने तो निघतो आणि मशीन सुरू होतं, म्हणूनच हा उपाय गावोगाव प्रतिष्ठा पावला. पण तो मुलामा मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. दर सहा महिन्यांनी घासलं तर सोनं जातं आणि खालचा धातू उघडा पडून आणखी लवकर गंजतो. शिवाय रबराचा चुरा स्लॉटमध्ये अडकतो. त्यापेक्षा आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये बुडवलेलं सुती कापड उत्तम. हात धुण्याचं सॅनिटायझर नको, त्यातले इतर पदार्थ मागे चिकटपणा ठेवतात. अनेकदा तर काहीच घासावं लागत नाही. पट्टी काढून पुन्हा खटका बसेपर्यंत दाबून बसवली एवढ्याने काम होतं. अर्थात भिंतीवरचं बटण बंद करून, वायर काढून, पुढचं बटण दोन-तीन वेळा दाबून उरलीसुरली वीज जाऊ दिल्यावरच.

रॅम पूर्ण गेलेली असेल तर बीप वाजतो. अर्धवट गेलेली रॅम जास्त त्रासदायक. ती बायोसच्या धावत्या तपासणीत पास होते आणि विंडोज आत येताना, जेव्हा तिचे खोलवरचे कप्पे वापरात येतात, तेव्हा दगा देते. दर वेळी वेगळा एरर, कधी या फाइलच्या नावाने तर कधी त्या ड्रायव्हरच्या, हे तिचं खास लक्षण. अशा वेळी मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६ प्लस ही मोफत प्रणाली पेनड्राइव्हवर घेऊन मशीन तिच्यावर सुरू करायचं आणि रात्रभर चालू ठेवायचं. ती विंडोजला हातही न लावता रॅमचा कप्पा न् कप्पा लिहून-वाचून पाहते. एक जरी चूक दिसली तरी पट्ट्या वेगवेगळ्या करून प्रत्येकीची परीक्षा घ्यायची, आणि मग तीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून. दोष कधी पट्टीचा निघतो, कधी स्लॉटचा.

आणि मग सेल. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा ३ व्होल्टचा लिथियमचा सेल असतो, नाव सीआर२०३२. त्यातल्या २० म्हणजे मिलिमीटरमधला व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. संगणकाची वायर काढलेली असताना घड्याळ चालू ठेवणं आणि जुन्या मशीनमध्ये बायोसमधली मांडणी लक्षात ठेवणं ही त्याची कामं. तो संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते, बँकेची संकेतस्थळं सुरक्षा प्रमाणपत्राची तक्रार करू लागतात, आणि लोकांना वाटतं इंटरनेट बिघडलं. याहून मोठा घोळ वेगळाच. डिस्कशी बोलण्याच्या दोन पद्धती जुन्या बायोसमध्ये असत, आयडीई आणि एएचसीआय. विंडोज टाकताना एएचसीआय निवडलेलं असेल आणि सेल संपल्यावर बायोस आपल्या मूळ मांडणीवर, म्हणजे आयडीईवर परत गेला, तर विंडोजला आपली डिस्कच ओळखता येत नाही. निळा पडदा येतो, त्यावर ‘७बी’ हा क्रमांक, आणि मशीन पुन्हा सुरू होतं. पुन्हा तेच. दुकानात याचं निदान हमखास ‘विंडोज करप्ट’ असं होतं. फॉरमॅट मारला जातो, आयडीईवरच नवी विंडोज बसते, सगळं ठीक चालतं आणि घरातले फोटो गेलेले असतात. नवा सेल आणि बायोसमधली एक ओळ बदलणं, एवढाच खरा इलाज होता.

हार्डडिस्कच्या बाबतीत घाई आणि आळस दोन्ही नडतात. मशीन विंडोजच्या फिरत्या ठिपक्यांपाशी दहा-दहा मिनिटं थांबत असेल, डब्यातून लयीत टिकटिक येत असेल, तर दुरुस्तीचे सगळे प्रयोग बाजूला ठेवून आधी माहिती बाहेर काढावी. डिस्क तपासणारी विंडोजची चेकडिस्क ही आज्ञा अशा वेळी लोक भाबडेपणाने चालवतात. मरणासन्न डिस्कला ती तासन्‌तास पळवते आणि उरलेलं आयुष्य संपवते. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. ती नोंद किती विश्वासार्ह आहे याचा मोठा अभ्यास गुगलने २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कांवर केला. पृष्ठभाग तपासताना पहिली चूक दिसलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत मरण्याची शक्यता निर्दोष डिस्कपेक्षा ३९ पट होती. पण मेलेल्या डिस्कांपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कांनी स्मार्टमधून कसलीही पूर्वसूचना दिलेली नव्हती. थोडक्यात, स्मार्टने धोका सांगितला तर विश्वास ठेवावा, सगळं ठीक सांगितलं तर ठेवू नये.

कधी डिस्क धडधाकट असते आणि तिच्यातली प्रणालीच चुकते. २००९ च्या सुरुवातीला सीगेटच्या बराकुडा ७२००.११ या डिस्का वीज मिळाल्यावर एकाएकी मौन धरू लागल्या. आतल्या एका नोंदवहीतला क्रमांक सुरू होण्याच्या वेळी विशिष्ट आकड्यावर असला की डिस्क स्वतःला कुलूप लावून घेत असे. आतली माहिती जागच्या जागी सुरक्षित, पण वाचायची सोय नाही. कंपनीला नवं फर्मवेअर द्यावं लागलं.

डिस्कही निर्दोष सुटली तर उरते विंडोज. इथे पहिलं काम म्हणजे निळा पडदा थांबवणं. बिघाड झाला की आपोआप पुन्हा सुरू व्हायचं, ही विंडोजची मूळ मांडणी, त्यामुळे एरर वाचायच्या आत नाहीसा होतो. विंडोज ७ पर्यंत बोधचिन्हानंतर एफ८ दाबलं की येणाऱ्या यादीत हे आपोआप सुरू होणं बंद करण्याचा पर्याय असे. विंडोज ८ पासून एफ८ ची सोय मूळ मांडणीतून काढली. सुरू होण्याचे प्रयत्न लागोपाठ फसले की दुरुस्तीचा पडदा आपसूक येतो आणि तोच पर्याय तिथे आत सापडतो. त्याच यादीत सेफ मोड असतो. सेफ मोडमध्ये विंडोज मोजकेच ड्रायव्हर घेऊन उभी राहते. तिथे मशीन तासभर व्यवस्थित चाललं तर संशय ड्रायव्हर किंवा एखाद्या सॉफ्टवेअरवर जातो. याला एक मोठा अपवाद आहे, ग्राफिक्स कार्ड. सेफ मोड त्याला अगदी साधं काम देतो, त्यामुळे खिळखिळं झालेलं कार्डही तिथे शहाण्यासारखं वागतं.

सेफ मोडची कीर्ती १९ जुलै २०२४ ला जगभर पोहोचली. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल अपडेटमधून गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज संगणक सुरू होता होता कोसळत राहिले. भारतातल्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. उपाय होता सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल खोडणं, पण तो प्रत्येक मशीनपाशी माणूस बसवून करावा लागला.

अपडेटनंतर मशीन पडलं की अपडेटला शिव्या घालणं स्वाभाविक आहे, आणि कधी कधी न्याय्यही. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधल्या मेल्टडाउन आणि स्पेक्टर या त्रुटींवरचा उतारा मायक्रोसॉफ्टने पाठवला, तेव्हा जुन्या एएमडी ॲथलॉनचे डेस्कटॉप सुरू होईनासे झाले. मायक्रोसॉफ्टला तो त्या मशीनपुरता थांबवावा लागला. पण फेब्रुवारी २०१० ची गोष्ट उलटी आहे. एका सुरक्षा अपडेटनंतर विंडोज एक्सपीची अनेक मशीन निळ्या पडद्यावर अडकली. चौकशीत निघालं की त्यांच्यात अल्युरिऑन नावाचा व्हायरस आधीपासूनच दडून बसला होता. विंडोजच्या गाभ्यातले काही पत्ते त्याने स्वतःत पक्के कोरून ठेवले होते. अपडेटने गाभा बदलला, पत्ते चुकले आणि मशीन कोसळलं. म्हणजे अपडेटने मशीन बिघडवलं नव्हतं, आधीच बिघडलेलं मशीन उघडं पाडलं होतं.

एवढं करूनही दोष हाती लागत नसेल तर वजाबाकी करायची. नवे भाग घालत बसण्यापेक्षा असलेले काढत जाणं स्वस्त. डीव्हीडी ड्राइव्ह, जादा हार्डडिस्क, साउंड कार्ड, पुढच्या यूएसबीच्या तारा, सगळं काढायचं. उरावा फक्त मदरबोर्ड, प्रोसेसर, त्याचा पंखा, रॅमची एक पट्टी आणि एसएमपीएस. ग्राफिक्स मदरबोर्डवरच असेल तर कार्डही नको. एवढ्यावर मशीन बायोसपर्यंत स्थिर पोहोचलं तर एकेक भाग परत जोडायचा, आणि दर वेळी एकच. दोन भाग एकदम जोडले की मिळालेली माहिती वाया गेली. सुटे भाग आणताना कनेक्टर बसतोय म्हणजे चालेल, असं धरून चालू नये. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या काही डेल डेस्कटॉपमध्ये एटीएक्ससारखाच दिसणारा कनेक्टर होता, पण तारांचा क्रम वेगळा. त्याला बाजारातला साधा एसएमपीएस लावला की मदरबोर्ड जळत असे.

दुरुस्तीवर किती खर्च करायचा, हा हिशोब आता बदलला आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. सेल, पेस्ट, रॅमची जुनी पट्टी, एसएमपीएस यांच्यावर खर्च करायला हरकत नाही. असं मशीन लिनक्स टाकून हिशोबाला, लिखाणाला, मुलांना टायपिंग शिकवायला पुढेही चालतं. मदरबोर्डच गेला असेल तर मात्र त्या पिढीचा दुसरा शोधणं म्हणजे तितकेच म्हातारे कपॅसिटर विकत घेणं. अशा वेळी हार्डडिस्क तेवढी काढून घ्यावी. चार स्क्रू आणि दोन केबल, एवढंच तिचं बंधन. ती दुसऱ्या संगणकाला यूएसबीने जोडायची केबल बाजारात मिळते, पण लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कसाठीची स्वस्त केबल इथे चालत नाही. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात आणि यूएसबीतून ५ च मिळतात, तेव्हा सोबत भिंतीला लावायचा वेगळा अडॅप्टर असलेलीच केबल मागून घ्यावी.